तबकडीच्या मागील बाजूची नावे

लग्नसराईत आपल्या बुलढाणा जिल्ह्यात फिरणाऱ्याला एक दृश्य हटकून दिसते. खामगाव, चिखली वा मेहकरच्या रस्त्यावरून वरात संथपणे सरकत असते. पुढे बँडपथक, मागे घोड्यावर नवरदेव, दोन्ही अंगांना दिव्यांच्या माळा. पथकात सर्वांत पुढे ट्रंपेटवाला असतो. गाल फुगवून तो एखादे जुने हिंदी गाणे छेडतो आणि वऱ्हाडी मंडळींचे पाय आपोआप थिरकू लागतात. सकाळी वधूवरांची नावे साऱ्यांना पाठ असतात. आहेर कोणी काय केला याचीही नोंद वहीत होते. त्या ट्रंपेटवाल्याचे नाव मात्र कोणी विचारीत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा आहे. जॅझ हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी घडवलेले संगीत, ते वाजले मुंबईच्या बड्या हॉटेलांत, आणि ते वाजवणारे बहुतेक गोव्याचे. परंतु त्या संगीताचा एक धागा चर्चच्या गायकवृंदातून निघतो आणि वरातीतल्या त्या ट्रंपेटपर्यंत येऊन पोहोचतो. तो धागा हाती धरला म्हणजे आपल्या समाजाच्या इतिहासातील एक विस्मृत पान उलगडते. त्यासाठी आपण तीन ध्वनिमुद्रणांकडे पाहू : 1936, 1951 आणि 1968 सालांची.

आधी जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात समजून घेऊ. एक ठरलेली धून सर्व वादक मिळून वाजवतात. मग एकेक जण पुढे येतो आणि त्या धुनीखालच्या स्वरसंगतीच्या चौकटीत राहून मनाला सुचेल तसा विस्तार करतो. त्या वेळी बाकीचे थांबत नाहीत. ते त्याला आधार देतात, ताल सांभाळतात, मधूनच हुंकार भरावा तसे दोन-चार स्वर टाकतात. शेवटी सारे पुन्हा मूळ धुनीवर येतात. वऱ्हाडातील भजनी मंडळ ज्याने ऐकले आहे त्याला हे परके वाटू नये. बुवा चाल सुरू करतात, मंडळी ध्रुपद उचलते, मग बुवा आळवणीत रंगतात. पण टाळकऱ्यांची आणि मृदंगाची साथ सुटली तर त्या आळवणीला अर्थ उरत नाही. अग्रभागी एक जण दिसतो, परंतु गाणे सर्वांचे असते. जॅझच्या वाद्यवृंदात हा अग्रभाग पुष्कळदा ट्रंपेटवाल्याकडे येतो, कारण त्याचा आवाज साऱ्या वाद्यांवरून पलीकडे जातो. तीन दट्टे, पितळेची वळलेली नळी आणि वादकाचा श्वास, एवढेच त्या वाद्याचे भांडवल.

आता पहिले ध्वनिमुद्रण. 1935 साली लिऑन ॲबे यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्यात ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ होते. हे गृहस्थ त्या वेळी पन्नाशी ओलांडलेले, मुरलेले कलावंत होते. 1913–14 मध्ये न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदाच्या ज्या तबकड्या निघाल्या, त्यांत स्मिथ यांनी कॉर्नेट वाजवले होते. तेव्हा जॅझ हे नावही रूढ झालेले नव्हते. पुढे ताजमध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि 1936 साली मुंबईत त्यांच्या नेतृत्वाखाली ‘ताजमहाल’ नावाची एक फॉक्सट्रॉट धून मुद्रित झाली. तिचे रचनाकार होते मुंबईचे बगदादी ज्यू मेनासे सायलास. एका ज्यू रचनाकाराची धून, ती वाजवणारे अमेरिकेतील कृष्णवर्णीय, हॉटेल पारशी उद्योगपतीने उभारलेले आणि नाव मोगल बादशहाच्या कबरीचे! तीन मिनिटांच्या त्या तबकडीत केवढे जग एकत्र आले होते!

तीन मिनिटे म्हटले ते शब्दशः खरे आहे. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तेवढेच संगीत मावत असे. त्या काळी मुद्रण एका खोलीत, एका दमात होई. कोणाचा स्वर चुकला तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. मोठ्या आवाजाच्या वादकाला मायक्रोफोनपासून दूर उभे करीत, म्हणजे मृदू वाद्ये झाकली जाऊ नयेत. साहजिकच ट्रंपेटवाला मागे जाई. ज्याचा आवाज सर्वांत मोठा, त्याने सर्वांत मागे उभे राहावे, हा त्या खोलीचा नियम होता. त्यात एक बोध दडलेला आहे असे आम्हांस वाटते. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर मात्र जागा थोडी. धुनीचे नाव, रचनाकार, वाद्यवृंदप्रमुख एवढेच तिथे छापले जाई. इतर वादक केवळ ‘वाद्यवृंद’ या एका शब्दात सामावून जात.

या अमेरिकन पाहुण्यांना कान देऊन ऐकणाऱ्यांत गोव्याची तरुण मुले होती. ती मुंबईला आली कशी आणि त्यांना पाश्चात्त्य संगीताची लिपी वाचता कशी येत होती? याचे उत्तर आपल्याला गोव्यातील चर्चच्या आवारात सापडते. पोर्तुगीज अमदानीत चर्चना जोडून धर्मग्रामाच्या शाळा चालत. धर्मशिक्षणाबरोबर तिथे संगीतही शिकवीत. गायकवृंदाचा प्रमुख, ज्याला गोव्यात ‘मेस्त’ म्हणतात, मुलांना आधी स्वरलेखन वाचायला लावी, मग व्हायोलिन वा अन्य वाद्य हाती देई. हेतू एवढाच की रविवारच्या मिस्साला, नोव्हेनाला आणि गावच्या फेस्ताला गायन-वादन नीट व्हावे. परंतु चार वेगवेगळ्या ओळी एकाच वेळी गाणाऱ्या वृंदात उभे राहिलेल्या मुलाला नकळत एक मोठी विद्या मिळत असे. आपला स्वर न सोडता शेजाऱ्याचा स्वर ऐकायचा, आणि दोन्ही मिळून जे घडते त्याची गोडी चाखायची! हेच पुढे वाद्यवृंदात कामी आले.

रोजगाराच्या शोधात ही मंडळी मुंबईत उतरली म्हणजे धोबीतलावच्या परिसरातील ‘कुडां’त राहत. कूड म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेले सामाईक बिऱ्हाड. भिंतीला ट्रंका, एका कोपऱ्यात अल्तार आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. कोणी जहाजावर खलाशी, कोणी आचारी, कोणी वादक. मूकपटांच्या काळात चित्रगृहात प्रत्यक्ष वाद्यवृंद लागे, हॉटेलात नृत्यासाठी लागे, रेल्वेच्या क्लबांत लागे. लिपी वाचणारा वादक हवा म्हणजे गोवेकर बोलवावा, हे समीकरणच ठरून गेले.

या मुलांपैकी एक आंतोनियो शाविएर वाझ. जन्म 1916 चा, बार्देशातील हळदोणे या गावचा. आई लाडाने ‘चिको’ म्हणजे धाकटा म्हणे. त्यावरून पुढे ‘चिक चॉकलेट’ हे रंगमंचावरचे नाव पडले. हळदोण्याच्या धर्मग्रामात संगीताचा श्रीगणेशा गिरवलेल्या या मुलाने तबकड्यांवरून लुई आर्मस्ट्राँग यांचे ट्रंपेट कानात साठवले. त्यांचा घोगरा आवाज, हातातला रुमाल, स्वर उंच नेऊन थरथरवण्याची ढब, हे सारे उचलले. मुंबईचे लोक त्यांना भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. चाळिशीच्या दशकात ‘चिक अँड द म्युझिक मेकर्स’ या नावाने त्यांच्या तबकड्याही निघाल्या. नक्कल म्हणून सुरू झालेली गोष्ट तिथेच थांबली असती, तर चिक चॉकलेट यांची आठवण काढण्याचे कारण उरले नसते. पण त्यांना एक मराठी सहकारी भेटला.

रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र, हे तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे. गोदाकाठच्या या माणसाचा पिंड अभिजात संगीताचा आणि भावगीताचा. पण कान मोकळा. हॉटेलांतल्या वाद्यवृंदांची लय हिंदी चित्रपटात आणण्याची त्यांना हौस होती. त्याच सुमारास मुंबई प्रांतात दारूबंदी आली. 1949 च्या कायद्यानंतर हॉटेलांतील रात्रीच्या नृत्याचा व्यवसाय ओसरू लागला आणि वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. सी. रामचंद्र यांना वादक हवे होते, वादकांना काम हवे होते. 1951 साली भगवानदादांचा ‘अलबेला’ पडद्यावर आला. भगवान आबाजी पालव हेही मराठी, गिरणगावातून वर आलेले. त्या चित्रपटाच्या संगीतात चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे साहाय्यक होते. एका गाण्यात तर चिक आणि त्यांचे वादक झालरींचे पोशाख घालून पडद्यावरही दिसतात. त्याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला चिक यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले.

हा सहयोग प्रत्यक्षात कसा चाले हे समजून घेण्यासारखे आहे. संगीतकार पेटीवर चाल बांधी आणि गाऊन दाखवी. ती चाल स्वरलिपीत उतरवणे, तिच्याखाली स्वरसंगती रचणे, कोणत्या वाद्याने कुठे यावे, अंतऱ्याआधी ट्रंपेटने कोणता तुकडा वाजवावा हे ठरवणे, हे काम लिपी जाणणाऱ्या साहाय्यकाकडे असे. मग त्या कागदांच्या प्रती प्रत्येक वादकासमोर ठेवल्या जात. ‘अलबेला’ची गाणी आठवताना आपण नुसते शब्द आणि चाल आठवत नाही, त्या चालीभोवती पितळी वाद्यांनी टाकलेले झटके, उसळणारी लय हीसुद्धा आठवते. ‘शोला जो भडके’ हे गाणे त्यांच्यावाचून उभेच राहणार नाही. 1957 च्या ‘आशा’ चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ या गाण्याविषयी असे सांगतात की मुलांच्या खेळातले शब्द आणि ‘माका नाका’ हे कोंकणी शब्द त्यात एकत्र आले, आणि कोंकणी पुरवली ती वाद्यवृंदातील एका गोवेकर सहकाऱ्याने. पुणतांब्याचा संगीतकार आणि गोव्याचा वादक यांच्या थट्टेतून निघालेले गाणे साऱ्या देशाने गुणगुणले.

श्रेयनामावलीत मात्र संगीतकाराचे नाव ठळक अक्षरांत येई आणि साहाय्यकाचे आलेच तर बारीक अक्षरांत. वादकांची नावे येतच नसत. त्यांना रोजावर बिदागी मिळे, हाती पाकीट पडले की संबंध संपला. सी. रामचंद्र यांच्या थोरवीला यामुळे तसूभरही उणेपणा येत नाही. चाल त्यांची, दृष्टी त्यांची. परंतु घर बांधणाऱ्या वास्तुविशारदाचे नाव कोनशिलेवर असताना गवंड्याचे नाव कुठेच नसावे, असा हा प्रकार होता. चिक चॉकलेट 1967 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, निवर्तले. त्यांचे सूर असंख्य घरांत वाजत राहिले. ते कोणाचे, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

असे असले तरी या वादकांच्या मनात निव्वळ उदरनिर्वाहापलीकडचा विचार होता. कुडचडे येथील ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड यांची गोष्ट याची साक्ष देते. 1946 मध्ये ते मसुरीत वाजवत होते, तेव्हा महात्मा गांधी तिथे आले होते. त्या भेटीने आपल्याला अस्सल भारतीय वळणाचे जॅझ घडवण्याची प्रेरणा मिळाली, असे ते पुढे सांगत. फ्रँक फर्नांड चित्रपटसंगीतात साहाय्यक म्हणून वावरले आणि 1963 साली ‘आमचें नशीब’ हा कोंकणी चित्रपट त्यांनी निर्माण केला. त्याला संगीत दिले ते आणखी एका ट्रंपेटवादकाने, ख्रिस पेरी यांनी. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभारून रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात घडवला. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी पुढे 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये नायकाच्या तोंडी गुरूचे नाव घालून गुरुदक्षिणा दिली. हे प्यारेलाल पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव, आणि रामप्रसादजी स्वतः ट्रंपेटवादक होते. विद्या एका समाजाच्या कुंपणात कधीच राहिली नव्हती. ती हातोहात पुढे जात होती.

आता तिसरे ध्वनिमुद्रण. 1968 साली शंकर-जयकिशन यांच्या नेतृत्वाखाली ‘रागा जॅझ स्टाइल’ ही दीर्घ फेऱ्यांची तबकडी निघाली. तीत तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, जयजयवंती, शिवरंजनी, भैरवी अशा 11 रागांवर आधारलेल्या रचना आहेत. गायक नाही, पडद्यावर नायक-नायिका नाहीत, केवळ वादक. सतारीवर रईस खाँ, ट्रंपेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, बासरीवर सुमन राज, पियानोवर लुसिला पाशेको, गिटारवर अनिबाल कास्त्रो आणि दिलीप नाईक, बासवर एडी त्रावास, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो आणि तबल्यावर रमाकांत.

या मेळातली अडचण संगीत जाणणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल. जॅझची इमारत बदलत्या स्वरसंगतीवर उभी असते. आपला राग एका अचल षड्जाभोवती फिरतो. जॅझमधला वादक वाटेल तो स्वर घेऊन परत येऊ शकतो. मालकंसात मात्र रिषभ आणि पंचम वर्ज्य, म्हणजे वर्ज्य! सतारीला मींड सहज साधते. ट्रंपेटला ती ओठांच्या ताणाने आणि अर्धवट दाबलेल्या दट्ट्याने आणावी लागते. म्हणून या तबकडीत पुष्कळदा असे ऐकू येते की एक वाद्य रागाचे वळण राखते आणि दुसरे लयीचा झोत देते. सतार बोलते तेव्हा ड्रम दबून जातो. ट्रंपेट पुढे येते तेव्हा सतार वाट देते. सगळेच प्रयोग सारखे साधले आहेत असे नाही; काही रचनांत राग नुसता वरवर शिवून गेल्यासारखा वाटतो. परंतु जिथे साधले आहे तिथे कोणी कोणाचा चाकर नाही, सगळे एकमेकांचे यजमान आहेत.

आमच्या दृष्टीने या तबकडीचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. तिच्या वेष्टनाच्या मागील बाजूस वादकांची नावे छापलेली आहेत. चित्रपटांच्या शेकडो गाण्यांत ज्यांनी अनामिक राहून वाजवले, त्या परेरा, पाशेको, गुदिन्हो यांना इथे वाद्यासह नाव मिळाले. 1936 च्या तबकडीवर प्रमुखाचे नाव होते, 1951 च्या गाण्यात साहाय्यक ओझरता दिसला होता, 1968 मध्ये सारा मेळ नावानिशी समोर आला. गोष्ट लहान, न्याय मोठा.

पुढचा काळ या वादकांना अनुकूल नव्हता. 1978 पासून ‘जॅझ यात्रा’ या महोत्सवामुळे मुंबईत जॅझला पुन्हा व्यासपीठ मिळाले, परंतु चित्रपटसंगीतात ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझर आले आणि पन्नास-साठ वादकांची कामे एका यंत्रावर होऊ लागली. जुने वादक गावी परतले, काही जण मुलांना शिकवत राहिले, बहुतेक विस्मृतीत गेले. त्यांच्या आठवणी कोणी तरी लिहून घ्याव्यात ही जाणीव फार उशिरा झाली. ग्रेगरी बूथ यांचे स्टुडिओंतील वादकांवरील पुस्तक 2008 मध्ये आणि नरेश फर्नांडिस यांचे मुंबईच्या जॅझयुगावरील ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ त्यानंतर थोड्याच वर्षांत आले. तोपर्यंत चिक चॉकलेट जाऊन चाळीस वर्षे उलटली होती.

संत पौलाने करिंथ येथील भाविकांना एका शरीराचा आणि त्याच्या अनेक अवयवांचा दाखला दिला, तो आपणांस परिचित आहे. डोळा हाताला नको म्हणू शकत नाही. हा उपदेश आपण मिस्साच्या वेळी ऐकतो आणि मान डोलावतो. परंतु आपल्याच धर्मग्रामात पेटी कोण वाजवते, ढोलकी कोणाच्या हाती आहे, नाताळच्या आधी महिनाभर मुलांना गाणी कोण बसवून देते, याची नोंद आपण कुठे ठेवतो काय? आपला अमरावती धर्मप्रांत 1955 साली स्थापन झाला. बुलढाणा जिल्हा त्याच धर्मप्रांतात येतो. आपली धर्मग्रामे लहान, विखुरलेली आणि गोव्याच्या मानाने वयाने कोवळी. म्हणूनच आपल्याला एक सोय आहे. आपल्याकडच्या पहिल्या पिढ्यांच्या गायकवादकांची आठवण सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत.

रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव आले की आपण स्मरणिका काढतो. तीत धर्मगुरूंची छायाचित्रे क्रमवार येतात, देणगीदारांची यादी येते. तसे यावेच. पण पुढच्या स्मरणिकेत एक पान गायकवृंदासाठी राखून ठेवावे. वाद्य, वादकाचे नाव, कोणापासून शिकला, कोणाला शिकवले, एवढ्या चार रकान्यांची यादी पुरे. आणि घरच्या लग्नात बँड लावला, तर पाकीट देताना त्या ट्रंपेटवाल्याला नाव विचारून आहेराच्या वहीत ते एका ओळीत लिहून ठेवावे. कोण जाणे, तो जी धून वाजवत होता ती हळदोण्याच्या एका मुलाने मिस्साला गायला शिकता शिकता मिळवलेल्या विद्येतून उमललेली असेल. त्या मुलाचे नाव आपण आज घेतले. याचे घ्यायला आणखी चाळीस वर्षे लागू नयेत.